जुनी अ‍ॅम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर: ब्रिटिश वंशाच्या गाड्यांचे पार्ट्स कसे शोधायचे आणि दुरुस्ती कशी करायची?

आज विषय जरा वेगळा आहे. नेहमी आपण फोन, अ‍ॅप आणि प्रोसेसरबद्दल बोलतो. आज बोलायचंय अशा मशीनबद्दल जिच्यात एकही चिप नाही, पण जिला जिवंत ठेवायला माझा स्मार्टफोन पान्याइतकाच कामाला आला.

आमच्या नेसरीच्या घरी १९७२ सालची अ‍ॅम्बेसेडर मार्क २ आहे. आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९८४ मध्ये सेकंडहँड घेतली. तेव्हा आमच्या गल्लीत दुसरी चारचाकी नव्हती. रात्री-अपरात्री कुणाला गडहिंग्लजच्या दवाखान्यात न्यायचं असलं की लोक आमचंच दार वाजवायचे. आमच्या वयाची गल्लीतली तीन-चार पोरं तर या गाडीतून दवाखान्यात जाऊनच जन्मली. मग ती आठ वर्षं शेडमध्ये पडून राहिली. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो आणि सुट्टीत तिला हात घातला. त्यात ज्या चुका केल्या आणि जे शिकलो, ते सगळं इथे एका जागी लिहितोय. घरी किंवा शेजारी अशी गाडी उभी असेल तर हा लेख सेव्ह करून ठेवा.

आधी समजून घ्या: तुमची गाडी नेमकी कोणाची?

पार्ट शोधताना पहिला प्रश्न हाच. भारतातल्या सगळ्या जुन्या गाड्या ब्रिटिश नाहीत. प्रीमियर पद्मिनीचं मूळ इटलीतली फियाट ११००. जीपचं मूळ अमेरिकन. ब्रिटिश वंशाच्या मुख्य गाड्या या:

• हिंदुस्तान अ‍ॅम्बेसेडर: मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. इंग्लंडमध्ये ते मॉडेल १९५९ मध्येच थांबलं. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या उत्तरपाडा कारखान्यात अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत राहिली.
• हिंदुस्तान लँडमास्टर: अ‍ॅम्बेसेडरच्या आधीची, मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज २.
• स्टँडर्ड हेराल्ड: मूळ ट्रायम्फ हेराल्ड, मद्रासला बनायची.
• रॉयल एनफिल्ड बुलेट: गाडी दुचाकी आहे, पण मूळ इंग्लंडचं. मद्रासला १९५५ पासून.

अ‍ॅम्बेसेडरमध्येही पोटप्रकार आहेत, आणि इथेच निम्मे लोक फसतात. मार्क १, २, ३, ४, नोव्हा, नंतरची इसुझू इंजिनवाली १८०० आयएसझेड, शिवाय डिझेल. बाहेरून सगळ्या सारख्याच गोलमटोल दिसतात, आतले पार्ट मात्र वेगळे. म्हणून दुकानात जाऊन "अ‍ॅम्बेसेडरचा वॉटर पंप द्या" असं म्हणू नका. साल, मार्क आणि इंजिन सांगा. बॉनेटखालची चासी प्लेट आणि इंजिन ब्लॉकवरचा नंबर यांचे स्पष्ट फोटो फोनमध्ये वेगळ्या अल्बममध्ये ठेवा. माझ्या अनुभवात हे दोन फोटो सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडले.

एका इंजिनाचे बरेच भाऊबंद

जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरमधलं १४८९ सीसी इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज' इंजिन. सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. आकडे विचित्र वाटतात ना? इंचात बघा: २ पूर्णांक ७/८ आणि ३ पूर्णांक १/२. गाडी इंचात डिझाइन झालीय. हे डोक्यात ठेवलं की पुढचे बरेच घोटाळे टळतात.

हेच इंजिन कुटुंब ऑस्टिन केंब्रिज, वूल्झली आणि एमजीए या गाड्यांमध्येही होतं. एमजी स्पोर्ट्‌स कारचे चाहते इंग्लंडमध्ये आजही भरपूर आहेत, त्यामुळे या इंजिनाचे बरेच पार्ट तिथे अजून नव्याने बनतात. म्हणून सर्च करताना नुसतं 'अ‍ॅम्बेसेडर' टाकू नका. 'मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३' आणि 'बी सिरीज १४८९' हे शब्द इंग्रजीत टाकून बघा. रिझल्ट एकदम बदलतात.

पण सावध! एमजीबीचं इंजिनही बी सिरीजच, ते मात्र १७९८ सीसी. आपल्या १४८९ ला क्रँकशाफ्टची मुख्य बेअरिंग तीन आहेत, एमजीबीच्या नंतरच्या इंजिनांना पाच. 'बी सिरीज' एवढंच वाचून बेअरिंग मागवलं तर पैसे पाण्यात.

पार्ट कुठे मिळतात?

कारखाना बंद झाला, त्यामुळे आता सगळा खेळ उरलेल्या स्टॉकचा आणि जुन्या पार्टचा. माझा क्रम असा असतो:

१. आपला तालुका. आधी गडहिंग्लज, मग कोल्हापूर नाहीतर बेळगाव. जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात मालकापेक्षा त्यांच्या वडिलांना विचारा. माळ्यावरच्या खोक्यात काय पडलंय हे त्यांनाच माहीत असतं. मला डिस्ट्रिब्युटरची कॅप अशीच मिळाली, खोक्यावर वीस वर्षांची धूळ होती.

२. मोठे बाजार. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट. अ‍ॅम्बेसेडरसाठी मात्र कोलकात्याचा मल्लिक बाजार. टॅक्सीमुळे त्या शहराचं आणि या गाडीचं नातं जुनं आहे.

३. मूळ सुट्या भागांचे भारतीय उत्पादक. अ‍ॅम्बेसेडरची इलेक्ट्रिकल सिस्टिम ल्युकास पद्धतीची, ब्रेक गर्लिंग पद्धतीचे. या दोन्ही ब्रिटिश कंपन्यांच्या भागीदारीत मद्रासला कारखाने निघाले: ल्युकास-टीव्हीएस १९६१ मध्ये आणि ब्रेक्स इंडिया १९६२ मध्ये. त्यामुळे पार्टवर गाडीचं नाव नसलं तरी या उत्पादकाचा नंबर कोरलेला असू शकतो. तो नंबर सर्च करा.

४. परदेश. शेवटचा पर्याय. किमतीत कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळवूनच हिशोब करा. गॅस्केट, पॉइंट, रबर किट असे हलके पार्ट परवडतात. जड वस्तूंचा नाद करू नका.

फोनचा खरा उपयोग

• फोटो काढायची पद्धत: पार्ट पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी. फोन सरळ वर धरा, तिरका नको. एक फोटो पूर्ण पार्टचा आणि एक कोरलेल्या नंबरचा. नंबर दिसत नसेल तर त्यावर खडू घासा, मग बाजूने टॉर्च मारून फोटो काढा.
• माप मात्र फोनने घेऊ नका. कॅमेऱ्यावरची माप घेणारी अ‍ॅप्स टेबलाची लांबी सांगायला ठीक आहेत, बेअरिंगसाठी नाहीत. साधा व्हर्निअर कॅलिपर घ्या.
• इमेज सर्च: ओळख पटवायला छान, खरेदी ठरवायला नको. फोटोवरून मार्क २ चा पार्ट आणि मार्क ४ चा पार्ट यातला फरक कळेलच असं नाही.
• खोलताना व्हिडिओ: प्रत्येक नट काढताना व्हिडिओ चालू ठेवा. कार्ब्युरेटरची कोणती स्प्रिंग कुठे होती, हे चार महिन्यांनी आठवत नाही.
• ऑनलाइन विक्रेता: अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि पार्टवर कॅलिपर लावून माप दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि पैसे 'मिळवण्यासाठी' यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे जुनं वाक्य इथेही लागू.

नट-बोल्ट: सगळ्यात स्वस्त चूक, सगळ्यात महाग नुकसान

अ‍ॅम्बेसेडरवर बहुतेक ठिकाणी युनिफाइड फाइन, म्हणजे यूएनएफ आटे आहेत. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते मेट्रिक. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. हा फरक बघा:

• १/४ इंच यूएनएफ: व्यास ६.३५ मिमी, एका इंचात २८ आटे. डोक्याला ७/१६ इंचाचा पाना.
• ५/१६ इंच यूएनएफ: व्यास ७.९४ मिमी, इंचात २४ आटे. पाना १/२ इंच.
• ३/८ इंच यूएनएफ: व्यास ९.५३ मिमी, इंचात २४ आटे. पाना ९/१६ इंच.

आता ५/१६ चा व्यास जवळपास ८ मिमी आहे, म्हणून लोक एम८ बोल्ट लावतात. पण एम८ च्या दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी, ५/१६ यूएनएफचं १.०६ मिमी. एक-दोन फेरे बोल्ट गोड बोलून आत जातो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की ब्लॉकचे आटे गेले. दहा रुपयांच्या बोल्टपायी लेथवर जाऊन नवीन बुश बसवायची वेळ येते.

पान्यांचंही तसंच. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. १३ चा पाना बसतो, पण सैल. गंजलेल्या नटवर तो फिरला की कोपरे गोल झालेच समजा. इंची पान्यांचा एक सेट घ्याच. तुमची गाडी किंवा बुलेट आणखी जुनी असेल तर व्हिटवर्थ आटे असू शकतात. त्यांचा कोन ५५ अंश, यूएनएफ आणि मेट्रिकचा ६०. थ्रेड गेज नावाची पात्यांची छोटी जुडी मिळते, ती लावली की दोन सेकंदांत उत्तर.

ब्रेक: इथे माझी चूक ऐका

दुरुस्ती सुरू केली तेव्हा मी चोवीस वर्षांचा. इंजिन चालू झालं होतं आणि मी हवेत होतो. ब्रेकच्या डबीत ऑइल कमी दिसलं. घरात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑइल होतं. मनात म्हटलं, ब्रेक पण हायड्रॉलिकच ना? ओतलं.

ब्रेकच्या सिलिंडरमध्ये रबरी सील असतात. ते ग्लायकॉलच्या ब्रेक फ्लुइडसाठी, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ साठी बनलेले असतात. खनिज तेल लागलं की ते रबर फुगतं आणि मऊ होतं. आधी पेडल जड झालं आणि चाकं गरम व्हायला लागली. मला वाटलं, नवीन लायनर आहेत, घासून बसतील. काही दिवसांनी गडहिंग्लजहून परत येताना एका उतारावर पेडल थेट तळाला गेलं. एका चाकाचं सील गेलं होतं. मार्क २ मध्ये चारही चाकांना एकच ब्रेक सर्किट आहे. एका ठिकाणी गळती म्हणजे चारही ब्रेक गेले.

शेजारी अण्णा बसले होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दुसऱ्यात घाल." स्टीअरिंगजवळचा गिअर मी कसाबसा खाली ओढला, अण्णांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी बांधाला टेकून थांबली. दोघांनाही काही झालं नाही. घरी आल्यावर मी कबूल केलं. अण्णा म्हणाले, "आरं, वाचता येतं न्हवं तुला? डबीच्या झाकणावर काय लिव्हलंय ते वाचायचं की." खरंच लिहिलं होतं.

त्यानंतर मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं प्रत्येक रबर आणि होज बदलली, धातूचे पाइप स्पिरिटने धुऊन काढले. असं तेल गेलं तर नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ब्रेकचे नियम थोडक्यात:

• सिलिंडरचं माप बरेचदा त्याच्यावरच इंचात ओतलेलं असतं. किट त्या मापावरून घ्या, गाडीच्या नावावरून नको.
• आतून गंजून खड्डे पडलेला सिलिंडर नुसता घासून वापरू नका. बदला, नाहीतर स्लीव्ह बसवून घ्या.
• जुन्या स्टॉकचं रबर पाकीटबंद असलं तरी वाळलेलं असू शकतं. बोटाने वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर नको.
• ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. अर्धी राहिलेली उघडी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका.

पेट्रोल बदललं, गाडी तीच

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसंविरहित पेट्रोलच मिळू लागलं. जुन्या इंजिनात शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण द्यायचं. ते गेल्यावर ओतीव लोखंडाच्या जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो. उपाय: हेड खोललंच आहे तर कडक स्टीलच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या.

दुसरा बदल ताजा आहे. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबरी होज, फ्युएल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधली रबरं यासाठी बनलेली नाहीत. ती इथेनॉल सहन करणाऱ्या रबरात बदला. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवून विसरू नका. आणि होज दर महिन्याला हात लावून बघा. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग.

इलेक्ट्रिकल: फोन चार्जर लावण्याआधी थांबा

बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. आजच्या सगळ्या अ‍ॅक्सेसरीज निगेटिव्ह बॉडीला धरून बनतात. अशा गाडीत चार्जर किंवा म्युझिक सिस्टिम सरळ लावली तर ती जळेल, वायरही जळू शकते. आधी बॅटरीतून बॉडीकडे कोणती केबल जाते ते बघा.

दुसरं, जुन्या गाडीत अल्टरनेटर नसून डायनॅमो असतो. ल्युकासचा सी४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिनाने वेग घेतल्यावर. ४५ वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर खातात. त्यात हॉर्न, वायपर आणि मोठे स्पीकर आले की बॅटरी उतरणारच.

इग्निशनच्या पॉइंटमधलं अंतर ल्युकासच्या २५डी डिस्ट्रिब्युटरला ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. प्लगच्या वायर काढण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर टाका.

पार्ट मिळालाच नाही तर? कोल्हापूर आहे की!

आपल्या जिल्ह्याचं खरं बळ इथे आहे. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती म्हणजे फाउंड्री आणि मशीन शॉपचं माहेरघर. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, बुश, स्लीव्ह ही कामं तिथे रोज होतात. फक्त भाषा जुळली पाहिजे. जुन्या इंजिनाचे ओव्हरसाइज पिस्टन इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे 'थाउ'मध्ये येतात. वीस थाउ म्हणजे ०.५०८ मिमी. अर्धा मिमी म्हणून बोअर केलं तर जागा आठ मायक्रॉनने कमी पडते. म्हणून नियम एकच: आधी पिस्टन हातात घ्या, मोजा, मगच ब्लॉक बोअरिंगला द्या. पिस्टनच मिळाला नाही आणि बोअरिंग होऊन गेलं, तर ब्लॉक लटकला.

माझं आवडतं काम थ्रीडी प्रिंटिंगचं. थर्मोस्टॅटचं गंजलेलं कव्हर मी मोजून कॉम्प्युटरवर काढलं, प्लॅस्टिकमध्ये प्रिंट केलं आणि तो प्रिंट फाउंड्रीत पॅटर्न म्हणून दिला. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा लागतो: ओतीव लोखंडाला साधारण १ टक्का, अ‍ॅल्युमिनियमला १.३ टक्के. मी पहिल्यांदा हे धरलंच नव्हतं. पॅटर्न बघून मिस्त्री मामा हसले, म्हणाले, "इंजिनिअर साहेब, लोखंड आखडतं. कॉम्प्युटरला सांगितलं न्हाई व्हय?" दुसरा पॅटर्न बरोबर आला. नॉब, क्लिप, बटणं थेट प्लॅस्टिकमध्ये चालतात. ब्रेक, स्टीअरिंग आणि सस्पेन्शनचा कुठलाही भाग मात्र घरी प्रिंट करायचा नाही, पॅटर्न करून ओतायचाही नाही.

कागदपत्रं

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकी-चारचाकीसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नवीन नोंदणीला 'व्हीए' मालिकेचा नंबर, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अट नीट वाचा: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

आमची गाडी या वयात बसते. मी फॉर्म उघडलाही होता. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "म्हंजे रात्री कुणी दार वाजवलं तर न्यायची न्हाई?" मी फॉर्म बंद केला. आम्ही नेहमीच्या खासगी गाडीचंच नूतनीकरण केलं: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि विमा. फी बदलत असते, म्हणून परिवहनच्या पोर्टलवर ताजी बघा.

सुरुवात कुठून करायची?

शेडमधली गाडी बाहेर काढताय? क्रम असा ठेवा: पहिले ब्रेक, मग पेट्रोलची टाकी आणि होज, मग वायरिंग, टायर आणि स्टीअरिंग, शेवटी इंजिन. रंग आणि क्रोम तर सगळ्यात शेवटी. मी उलटं केलं होतं, आधी इंजिन सुरू केलं. चालू झालेली गाडी चालवायचा मोह होतो, आणि थांबण्याची सोय नंतर आठवते.

एक शीट बनवा: तारीख, पार्ट, मोजलेलं माप, कुठून घेतला, किंमत. आमच्या शीटमध्ये आज १४० ओळी आहेत. पहिली ओळ ब्रेक फ्लुइडची आहे. तिच्यासमोर मी लिहून ठेवलंय: झाकण वाच.